शेवटची दोन मिनिटं

ऑलिम्पिकच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये १२ संघ खेळतात. पॅरिस २०२४ साठी एक जागा यजमान फ्रान्सची होती, सात जागा विश्वचषकातून भरल्या आणि उरलेल्या चार जागांसाठी जगात चार ठिकाणी पात्रता स्पर्धा झाल्या. विश्वचषकातून आशियाला थेट मिळणारी जागा एकच. भारत विश्वचषकात नव्हता, त्यामुळे आपल्याला आणखी खालून सुरुवात करावी लागली. आशियातल्या संघांची पूर्वपात्रता फेरी ऑगस्ट २०२३ मध्ये सीरियात, दमास्कसला झाली. तिथून एकच संघ पुढे जाणार होता. बहरीन गेला. पुढच्या वर्षी पोर्तो रिकोतल्या सान हुआनला बहरीनही अडला आणि तिथलं तिकीट यजमान पोर्तो रिकोनेच नेलं. म्हणजे आपण ज्या पायरीवर थांबलो, तिच्या वर अजून एक पायरी होती आणि मग कुठे ऑलिम्पिक.

मुंबईत त्या दिवसांत याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलं नाही. देशाचा संघ ऑलिम्पिकच्या वाटेवर होता आणि निकाल कळायलासुद्धा शोधाशोध करावी लागत होती. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं.

भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळला आहे, १९८० साली मॉस्कोला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या म्हणून अमेरिकेने बहिष्कार पुकारला. चीन, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स हे आशियातले बलाढ्य संघ त्यात सामील झाले आणि आपली पाळी आली. आपण सगळे सामने हरलो आणि बाराव्या क्रमांकावर राहिलो. त्या संघात अजमेर सिंग होते. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघांविरुद्ध ते सामन्यामागून सामना गुण करत राहिले आणि १९८२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. बहिष्कारामुळे मिळालेली जागा म्हणून काही जण त्या संघाला मोजतच नाहीत. मला ते पटत नाही. बोलावणं आलं तेव्हा ती माणसं गेली आणि सोव्हिएत संघासमोर त्याच्याच घरात उभी राहिली.

पण त्यानंतर चार दशकं उलटली आणि दुसरं बोलावणं आलेलं नाही. का नाही, याचं उत्तर मला एका सामन्यात सापडल्यासारखं वाटतं. तो सामना ऑलिम्पिक पात्रतेचा नव्हता.

ऑगस्ट २०२५, जेद्दा, आशिया चषक. पहिला सामना जॉर्डनशी. हाच जॉर्डन २०२३ चा विश्वचषक खेळला होता. माझी भाची आणि मी मोबाइल डब्याला टेकवून बघत होतो. बाहेर परळचा पाऊस, आणि तिच्या शाळेचं कोर्ट जूनपासून पाण्याखाली, म्हणून ती घरातच चेंडू आपटून शेजाऱ्यांची बोलणी खात होती. आपला संघ फार छान खेळत होता. पास वेळेवर जात होते, बचावात कुणी झोपलेलं नव्हतं, राखीव खेळाडू आला तरी घडी मोडत नव्हती. भाची म्हणाली, "मावशी, आपण जिंकतोय गं!" मी काहीच बोलले नाही. घड्याळ खाली येत होतं आणि मला आपली पोरं घाईला लागलेली दिसत होती. आधी जो पास सहज जात होता तो आता अर्धा क्षण उशिरा सुटत होता. ज्याने फेकायचं तो दुसऱ्याकडे बघत होता. वेळेच्या अगदी शेवटी जॉर्डनने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत सामना त्यांचा झाला, ९१–८४. पुढे चीन आणि सौदी अरेबियानेही हरवलं आणि स्पर्धा संपली.

बास्केटबॉलमध्ये ४० मिनिटं असतात. पहिली ३८ मिनिटं ताकदीची, सरावाची, आखलेल्या चालींची. शेवटची दोन वेगळी असतात. चेंडू कुणाच्या हातात हवा, फाउल करायचा की बास्केट जाऊ द्यायची, टाइमआउट आत्ता घ्यायचा की जपायचा, चेंडू फेकायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतली किती खाऊन मग फेकायचं, हे सगळं दम लागलेला असताना आणि समोरचा ओरडत असताना ठरवायचं असतं. सराव शिबिरात ही दोन मिनिटं तयार करता येत नाहीत. शिट्टी वाजवून "समजा दोन गुणांनी मागे आहात" असं सांगता येतं, आमचे सर सांगायचेही. पण 'समजा'मध्ये पोटात गोळा येत नाही. ती दोन मिनिटं वर्षातून पुष्कळदा, अनोळखी संघांसमोर, काहीतरी पणाला लागलेलं असताना खेळावी लागतात. आपल्या खेळाडूंना ती फार कमी वेळा खेळायला मिळतात. ऑलिम्पिकच्या दारातून आपण परत येतो त्याचं मोठं कारण मला हे वाटतं.

"आपल्याकडे उंची नाही" हे ऐकून ऐकून मी थकले आहे. पंजाबातल्या बल्लो के गावातला सतनाम सिंग भामरा सात फुटांहून उंच आहे. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला निवडलं, अमेरिकेच्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडलेला तो पहिला भारतीय. अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडे गेला. आणि उलट बाजूने बघायचं तर पॅरिसमध्ये फ्रान्सच्या नाकी नऊ आणणारा जपानचा युकी कावामुरा अवघा १७२ सेंटिमीटरचा. फ्रान्सचा सव्वासात फुटांहून उंच वेम्बान्यामा समोर असताना त्याने २९ गुण केले. आमच्या चाळीत त्याच्याहून उंच मुलं पाण्याचे हंडे भरतात.

कमतरता उंचीची नसेल तर मग कशाची आहे? त्यासाठी मला नागपाड्याला जावं लागेल.

मुंबई सेंट्रलवरून चालत गेलं की मस्तान तलावाजवळ बच्चू खान मैदान लागतं. पालिकेचं मैदान, आजूबाजूला दाटीवाटीची वस्ती. मस्तान वायएमसीए इथलीच. जवळच नागपाडा नेबरहुड हाउस. १९२०च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने ते सुरू केलं. पुढे १९३६ साली टाटांची समाजकार्याची संस्था, म्हणजे आजची टिस, उभी राहिली तेव्हा हेच मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. बास्केटबॉल हा मुळात वायएमसीएचाच, म्हणजे तरुणांसाठीच्या त्या ख्रिस्ती संघटनेचाच खेळ. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथने अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हिवाळ्यात पोरांना कोंडून ठेवायला काहीतरी हवं म्हणून तो काढला, आणि वायएमसीएच्या माणसांबरोबर तो जगभर गेला. नागपाड्यात तो आला आणि राहिला. इथून देशासाठी खेळणारे खेळाडू निघाले. अब्बास मुंतशीर त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव. भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यात आजही त्यांचं नाव घेताना लोकांचा आवाज बदलतो.

कॉलेजच्या संघाबरोबर मी तिथे सरावाचे सामने खेळायला जायचे. लालबाग-परळच्या आम्हा मुलींना तिथली सगळ्यांत मोठी नवलाई होती ती संध्याकाळच्या खेळाची. पूर्ण कोर्ट मिळणं मुश्कील, कारण खेळणारे फार. मग एका रिंगवर तीन-तीन जण. हरलेला संघ बाहेर, जिंकलेला कोर्टवर. बाहेर पडलात की पुन्हा नंबर यायला किती वेळ लागेल याचा नेम नाही, कदाचित अंधार पडेपर्यंत येणारही नाही. त्यामुळे प्रत्येक छोटा डाव जिवाच्या आकांताने खेळला जायचा. प्रशिक्षक कुणी नसायचा. दहा-बारा वर्षांचं पोर वीस-बावीसच्या दादाला सांगायचं, मला दे, माझ्यावरचा माणूस दमलाय. आणि तो द्यायचा, कारण पोराचं बरोबर असायचं! कडेला कठड्यावर बसलेले म्हातारे चुकीच्या पासवर जीभ चुकचुकायचे आणि ती चुकचुक शिट्टीपेक्षा जास्त लागायची.

तिथले खेळाडू आमच्यापेक्षा चपळ होते असं मी म्हणणार नाही. आमच्यात एक-दोघी फार वेगवान होत्या. फरक पडायचा तो सामना बरोबरीत आला की. आमचे हात जड व्हायचे आणि त्यांचे हलके. त्यांच्यासाठी ती रोजची संध्याकाळ होती.

आता प्रश्न असा येतो की ज्या वस्तीत ही दोन मिनिटं रोज खेळली जातात, तिथला मुलगा देशाच्या संघात पोचेपर्यंत त्यांचं काय होतं? त्याला नोकरी लागते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या घरात रेल्वेने चूल पेटवली आहे. माझा चुलत भाऊ खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला तेव्हा काकूने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले होते आणि ते योग्यच होतं. भारतात बास्केटबॉलपटूला पोसलं ते रेल्वेने, सेनादलांनी, ओएनजीसीने, इंडियन ओव्हरसीज बँकेने, पोलीस दलांनी. त्यांच्याशिवाय हा खेळ केव्हाच संपला असता. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा इतकी वर्षं दबदबा आहे तो उगाच नाही. चांगली खेळणारी मुलगी दिसली की तिला पगार देणारं दुसरं कोण होतं?

पण याचा एक परिणाम होतो. खेळाचं शिखर म्हणजे नोकरीचं पत्र, असं होऊन बसतं. भाऊ त्याच्या सर्वांत चांगल्या वयात वर्षाला मोजक्या स्पर्धा खेळायचा: आंतररेल्वे, राष्ट्रीय, फेडरेशन कप, दोन-चार निमंत्रित. प्रत्येक स्पर्धा आठवड्याभराची. पहिल्या फेरीत वीस-पंचवीस गुणांनी जिंकायचं, मग एखादा सामना अटीतटीचा. बाकी वर्ष ड्यूटी आणि सराव. जपानचा व्यावसायिक खेळाडू ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला खेळतो. दोघे एकाच वयाचे, पण बरोबरीत आलेले सामने खेळण्याचा अनुभव एकाकडे दुसऱ्याच्या कितीतरी पट साठलेला.

लीगचे प्रयत्न आपल्याकडे झाले. २०१५ ते २०१७ यूबीए नावाची लीग चालली, मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे संघही होते. मग थांबली. २०२२ पासून इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली. मधे २०१५ मध्ये भारताच्या बास्केटबॉल फेडरेशनवरच दोन गटांनी दावा सांगितला होता आणि फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, त्यांपैकी एकाला मान्यता दिली. कितीतरी खेळाडूंचं ऐन उमेदीचं वय असल्या खाचखळग्यांत गेलं.

जपानचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा देते, कारण तिथेही भांडण होतं, आपल्याहून मोठं. दोन वेगवेगळ्या लीग, एकत्र यायला कुणी तयार नाही. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबाने जपानलाच निलंबित केलं. त्या धक्क्याने दोन्ही लीग एकत्र आल्या, २०१५ मध्ये निलंबन उठलं आणि २०१६ मध्ये बी लीग सुरू झाली. जादू लगेच झाली नाही. २०१९ च्या विश्वचषकात जपान एकही सामना जिंकला नाही. टोकियोत, घरच्या ऑलिम्पिकमध्ये, पुरुष संघ तिन्ही सामने हरला. त्यांच्या महिला संघाने मात्र रौप्य जिंकलं, आणि तो संघ घडवणारे टॉम होवास मग पुरुषांकडे आले. २०२३ च्या विश्वचषकात ओकिनावाला जपानने फिनलंडला, व्हेनेझुएलाला आणि केप व्हर्देला हरवलं आणि आशियाची ती एकुलती एक थेट जागा मिळवली. १९७६ नंतर पहिल्यांदा ते यजमानपदाच्या आधाराशिवाय ऑलिम्पिकला गेले.

आणि तिथे काय झालं? फ्रान्सविरुद्ध शेवटची १६ सेकंदं उरली असताना जपान चार गुणांनी पुढे होता. फ्रान्सच्या स्ट्राझेलने तीन गुणांची बास्केट केली, वर फाउलही मिळाला, फ्री थ्रोही आत गेला आणि बरोबरी झाली. जादा वेळेत फ्रान्स ९४–९० ने जिंकला. मी जॉर्डनचा सामना बघताना हाच सामना आठवत होते. हार तीच, जादा वेळ तीच. पण जपान ती दोन मिनिटं ऑलिम्पिकच्या यजमानासमोर हरला, सात-आठ वर्षं दर आठवड्याला तशी मिनिटं खेळून तिथपर्यंत पोचून. आपण ती जेद्दात गटाच्या पहिल्याच सामन्यात हरलो.

आपण कधी जिंकलोच नाही असंही नाही. २०१४ मध्ये वुहानला, चीनच्या घरात, आपण चीनला ६५–५८ असं हरवलं. २०१७ मध्ये बंगळुरूला आपल्या महिलांनी आशिया चषकाच्या ब विभागाची अंतिम लढत कझाकस्तानविरुद्ध ७५–७३ अशी जिंकली. दोन गुणांनी! भारतीय संघाने शेवटची मिनिटं कशी खेळावीत हे कुणाला दाखवायचं असेल तर मी तो सामना दाखवेन. आपल्या पुण्याची शिरीन लिमये पुढे भारताची कर्णधार झाली. तिचं नाव पुण्याच्या चार मैदानांबाहेर किती मराठी घरांत माहीत आहे, हे विचारायची मला हिंमत होत नाही. बंगळुरूच्या त्या विजयात घरच्या प्रेक्षकांचा वाटा होता असं मला ठामपणे वाटतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी एका गुणाने जिंकला, १३२–१३१, आणि शाळेतली हजारो मुलं घसा फुटेस्तोवर ओरडत होती. दोन परक्या संघांसाठी! त्या डोममध्ये भारताचा एखादा पात्रता सामना झाला तर काय होईल, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

पाच-पाच जणांच्या पूर्ण कोर्टावरच्या खेळात आपण ऑलिम्पिकला लवकर पोचू असं मला वाटत नाही. लीग टिकायला हवी, ती टिकली तरी जपानसारखी दहा वर्षं जातील. ती दहा वर्षं द्यायलाच हवीत. पण शेजारीच एक दुसरं दार आहे आणि ते नागपाड्याच्या उंचीचं आहे.

थ्री बाय थ्री. टोकियोपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. अर्धं कोर्ट, एक रिंग, तिघे कोर्टवर आणि एक राखीव. दहा मिनिटं, किंवा जो आधी २१ गुण करेल तो. चेंडू हातात आल्यापासून १२ सेकंदांत फेकायचा. सामना चालू असताना प्रशिक्षकाने काही सांगायचं नाही, सगळं खेळाडूंनी आपसांत ठरवायचं. बरोबरी झाली तर जादा वेळेत जो आधी दोन गुण करेल तो जिंकला. नियमावली पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कठड्यावरच्या म्हाताऱ्यांची चुकचुक ऐकू आली. इथे पहिली ३८ मिनिटं नाहीतच. सगळा सामना म्हणजे ती शेवटची दोन मिनिटं.

टोकियोसाठीची थ्री बाय थ्रीची ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा बंगळुरूला ठरली होती, मार्च २०२० मध्ये. कोरोना आला. स्पर्धा पुढे ढकलली आणि अखेर मे २०२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्सला झाली. तिथून लाटव्हियाचा पुरुष संघ टोकियोला गेला आणि सुवर्णपदक जिंकला. अंतिम सामन्याची शेवटची दोन गुणांची बास्केट कार्लिस लासमानिसने मारली. अमेरिकेच्या महिलाही ग्राट्समधूनच आल्या आणि त्यांनीही सुवर्ण नेलं. टोकियोची दोन्ही सुवर्णपदकं ज्या स्पर्धेतून गेली ती आपल्या अंगणात व्हायची होती. महामारीला दोष देऊन उपयोग नाही, पण बंगळुरूच्या गॅलरीत बसलेल्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीने काय पाहिलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

लाटव्हियाची लोकसंख्या २० लाखांहून कमी आहे. मंगोलियाच्या महिला टोकियोत थ्री बाय थ्री खेळल्या, तो त्या देशाचा ऑलिम्पिकमधला पहिला सांघिक खेळ, आणि त्यांच्यातली खुलान ओनोलबातार उद्घाटनाला ध्वज घेऊन चालली. कुस्ती आणि ज्युदोसाठी ओळखला जाणारा देश एका अर्ध्या कोर्टावरून तिथे पोचला. पॅरिसला थ्री बाय थ्रीत पुरुषांचे आणि महिलांचे प्रत्येकी आठ संघ होते, लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये १२ असतील.

यातली मला सर्वांत आशादायक वाटणारी गोष्ट अगदी कोरडी, हिशेबाची आहे. थ्री बाय थ्रीत देशाचं स्थान त्या देशाच्या खेळाडूंनी वैयक्तिक कमावलेल्या गुणांवरून ठरतं, आणि फिबाच्या यंत्रणेत नोंदवलेली छोटी स्थानिक स्पर्धासुद्धा त्यात धरली जाते. मोठ्या स्पर्धेचे गुण अर्थातच कितीतरी जास्त. पण गल्लीतली स्पर्धा शून्य नाही. आमच्याकडच्या शाळांच्या, जिमखान्यांच्या, वायएमसीएच्या स्पर्धा तशा नोंदवल्या तर तिथे खेळणारी प्रत्येक मुलगी त्या यादीत येते.

जुन्या संघातल्या आम्ही काही जणी यावर बोलतो आहोत. पावसाळा सरला की सिमेंट वाळेल, तेव्हा एक स्पर्धा घ्यायची. एका कोर्टाला रिंग दोन, म्हणजे एका वेळी दोन सामने होतात. मुलींचे सामने आधी ठेवायचे, दुपारच्या उन्हात नाही, संध्याकाळी, जेव्हा मैदानाला माणसं असतात. कडेला बसायला जागा हवी, कठडा असेल तर उत्तमच. नोंदणीचं काम भाचीने अंगावर घेतलं आहे. तिने स्वतःचं खातं आधीच उघडलंय, गुणांच्या रकान्यात अजून काही नाही, आणि कुठल्या तिघी तिच्या संघात असणार यावरून तिच्या वर्गात सध्या बरीच भांडणं चालू आहेत.